प्रौढ कारागिराचे प्रमाणपत्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी फार लहान वाटेल. वयाच्या तिशीत किंवा चाळिशीत नळकामाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात प्लंबिंगचे, रीतसर शिक्षण घेऊन जो माणूस त्या धंद्यात उभा राहू पाहतो, त्याचे पुढे काय होते, एवढाच हा प्रश्न आहे. शेतमालाचे भाव, धरणग्रस्तांचे पुनर्वसन अशा प्रश्नांच्या शेजारी तो सहसा मांडला जात नाही. परंतु शिक्षण, जात, सार्वजनिक आरोग्य आणि असंघटितांची संघटना हे चारही प्रश्न या एका धंद्यात एकत्र येतात. शिवाय प्रौढ कामगाराला 'शिक, म्हणजे वर येशील' असे सांगणाऱ्या आजच्या प्रचाराची कसोटीही येथेच लागते. शिकलेला माणूस खरोखरच वर येतो का? येत नसेल, तर मधली कोणती पायरी गाळली गेली आहे?

हातात विद्या, कागदावर नाव नाही

मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने आले ते १८६० साली. त्यापूर्वी विहिरी होत्या, तळी होती, पखाली होत्या. नळ नव्हता आणि म्हणून नळकारागीरही नव्हता. सुतार, लोहार, कुंभार यांच्याप्रमाणे या धंद्याला परंपरेने ठरलेली जात नाही ती याच कारणाने. तो शहराबरोबर आला आणि शाळेत नव्हे, तर मिस्त्रीच्या हाताखाली शिकला गेला.

आजही शिकण्याची मुख्य वाट तीच आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गावाकडून येतो. इमारतीच्या कामावर बिगारी म्हणून लागतो. भिंतीत खाचा पाडणे, मजल्यांवर नळ वाहून नेणे, मिस्त्रीने मागितलेला पान्हा त्याच्या हातात देणे, यात पहिली दोन-तीन वर्षे जातात. मग एके दिवशी मिस्त्री त्याला लोखंडी नळाला आटे पाडायला देतो. ताग आणि सफेदा लावून जोड घट्ट कसा बसवावा, प्लास्टिकच्या नळाला लावलेला चिकटद्रव किती वेळ सुकू द्यावा, गरम पाण्याला कोणता नळ चालतो आणि कोणता मऊ पडतो, हे त्याला हळूहळू उमगते. दहा वर्षांनी लोक त्यालाच मिस्त्री म्हणू लागतात.

परंतु ठेकेदाराच्या नोंदवहीत तो अजून मदतनीसच असतो. किमान वेतनाच्या दरात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे भेद केलेले आहेत. कुशल कामगाराचा दर द्यावा लागू नये, म्हणून त्याचे कौशल्य नोंदीत येऊ द्यायचे नाही, हा व्यवहार जुना आहे. नगरपालिकेकडून नवी नळजोडणी घ्यावयाची तर अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. ती सही एकाची असते आणि खड्ड्यात उतरून जोड करणारा दुसराच असतो. सहीचे पैसे वेगळे, घामाचे वेगळे. आणि घामाचे नेहमी कमी.

ओरिसाचा, आजच्या ओडिशाचा, केंद्रपाडा जिल्हा या बाबतीत ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथील पट्टामुंडई परिसरातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे नळकामासाठी बाहेर पडली आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात पोहोचली. थोरला भाऊ धाकट्याला नेतो, मामा भाच्याला नेतो. खोली, पहिले काम, पहिला पगार यांची सोय गावकरीच लावतात. या माणसांकडे भले प्रमाणपत्र नसेल, पण पाठीशी गोत आहे. आता उलट चित्र पाहावे. ज्याच्या घरी हा धंदा कोणी केलेला नाही, असा माणूस प्रौढ वयात परीक्षा उत्तीर्ण होतो. त्याच्याकडे कागद आहे, पण गोत नाही. पहिले काम त्याला कोण देणार? पहिल्याला कागद मिळवून देणे आणि दुसऱ्याला गोत मिळवून देणे, ही दोन्ही कामे संघटनेची आहेत. पहिल्याला परप्रांतीय म्हणून दुसऱ्याच्या विरोधात उभे करणारे राजकारण या दोघांपैकी कोणाच्याच उपयोगाचे नाही. त्याचा लाभ होतो तो दोघांचाही दर पाडणाऱ्या ठेकेदाराला.

वय आड येत नाही, पोट येते

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. प्रवेशाला किमान वय चौदा वर्षांचे लागते. वरची मर्यादा नाही. म्हणजे चाळीस वर्षांच्या माणसाला नियम अडवत नाही. त्याला अडवते ती घरची चूल. वर्षभर दिवसाची मजुरी सोडून तो वर्गात बसला तर मुलांची फी, खोलीचे भाडे आणि किराणा यांची तोंडमिळवणी कोणी करावी? सोळा वर्षांच्या मुलाला विद्यार्थी म्हणून घर पोसते. प्रौढ विद्यार्थी स्वतःच घर पोसत असतो. आपली शिक्षणव्यवस्था पहिल्याला गृहीत धरून उभारली गेली आणि दुसऱ्यासाठी तिने फक्त दार उघडे ठेवले.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी हे भोगले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातल्या असंख्यांना पुन्हा गिरणीत पाऊल ठेवता आले नाही. चाळिशीतल्या विणकराने पुढे काय करावे, याचे उत्तर कोणीच तयार ठेवले नव्हते. पुढे १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. नव्या आर्थिक धोरणात ज्यांचे काम जाईल त्यांना दुसरे कौशल्य शिकवणे, हा त्याचा एक उद्देश सांगितला गेला होता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला. माणसाला घरी पाठवण्यासाठी निधी होता. त्याला पुन्हा उभे करण्यासाठी फारच थोडा उरला.

२०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्यात पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची तरतूद आहे. कामावरच शिकलेल्या माणसाची थोड्या तासांची उजळणी घेऊन, परीक्षा करून त्याला प्रमाणपत्र द्यावे, अशी ती कल्पना. या कल्पनेची सरसकट टिंगल करणे योग्य होणार नाही. शाळेबाहेरही ज्ञान असते आणि ते मजुराच्या हातात असते, ही कबुली शासनाने कागदावर दिली, हे थोडे नव्हे. जोतीराव फुले यांच्यापासून श्रमिकांच्या चळवळी हेच सांगत आल्या आहेत.

दोष आहे तो पुढे. थोड्या तासांत माणसाची पारख होऊ शकते. त्याला जे येत नाही ते शिकवले जाऊ शकत नाही. मिस्त्रीच्या हाताखाली वाढलेल्या कारागिराला 'कसे' हे येते. 'का' हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नकाशा वाचणे, दाबाचा हिशेब करणे, सांडपाण्याच्या नळाला किती उतार द्यावा हे मोजून ठरवणे, कामाचे अंदाजपत्रक लिहिणे, या गोष्टी त्याच्याकडून मुद्दाम दूर ठेवल्या जातात. कारण त्या आल्या तर तो ठेकेदाराचा मजूर राहत नाही.

'का' शिकणे ही चैन नव्हे

हा 'का' किती महत्त्वाचा असतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. न्हाणीघरातून सांडपाणी जेथे खाली जाते तेथे जमिनीत एक वाकडी वाटी बसवलेली असते. देशभरचे कारागीर तिला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी या धंद्याच्या परिभाषेत अशी कायमची जाऊन बसली आहे. त्या वाकणात थोडे पाणी सतत साचून राहते आणि तेच गटारातल्या हवेला घरात येऊ देत नाही. वाटी उथळ बसवली, किंवा तिथले पाणी आटू दिले, तर हा अडसर नाहीसा होतो. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सच्या साथीने तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले आणि बेचाळीस दगावले. तपासात निघालेल्या कारणांत न्हाणीघरांतले हे कोरडे पडलेले ट्रॅप होते. पंख्याच्या ओढीने मलनलिकेतली दूषित हवा घरांत शिरली होती.

आपल्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि सैल जोडातून आजूबाजूच्या मातीतले, गटारातले पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच घरोघर पोहोचते. कावीळ, विषमज्वर आणि अतिसार वस्तीत शिरण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. पिण्याच्या पाण्याचा नळ गटारातून नेऊ नये, तो गटारापासून दूर आणि वरच्या पातळीवर ठेवावा, हा नियम ज्याला कारणासकट शिकवला गेला तो कारागीर घाईच्या कामातही तो मोडणार नाही. ज्याला नुसते 'असे करायचे' एवढेच सांगितले, तो मुकादमाच्या एका शब्दावर तो मोडील. प्रौढ कारागिराला रीतसर शिक्षण देणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. ती वस्तीच्या आरोग्याची व्यवस्था आहे.

ग्रामीण भागाकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातील ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. पुढे हा आकडा १५ कोटींच्या पलीकडे गेल्याचे शासनाने सांगितले, आणि योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. नळ बसला हे मोजता येते. त्यातून पाणी येत राहील याची हमी मोजणीने मिळत नाही. तोट्या गळणार, झडपा बिघडणार, जोड निखळणार. दुरुस्तीसाठी गावातलीच माणसे 'नल जल मित्र' म्हणून तयार करण्याची योजना त्याचसाठी आहे. ऊसतोडीला सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या जोडप्यातील एकाला, किंवा गावातच राहिलेल्या बाईला हे काम आले, तर एका घराचे स्थलांतर तरी थांबू शकते. पण त्यासाठी ग्रामपंचायतीने वर्षाचे मानधन बांधून दिले पाहिजे. प्रशिक्षण देऊन नुसते सोडून दिलेला माणूस पुन्हा कोयताच हाती घेणार.

प्रमाणपत्रानंतरची तीन वर्षे

प्रमाणपत्र हाती आल्यावरचा काळ सर्वांत अवघड असतो, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. प्रौढ माणसाने आधीची मजुरी एकदम सोडू नये. संध्याकाळची आणि सुटीच्या दिवसाची किरकोळ दुरुस्ती घेत एका वस्तीत आपली ओळख करावी. दहा वस्त्यांत विखरून जाऊ नये. गळकी तोटी, तुंबलेली मोरी, बिघडलेली टाकी ही कामे लहान असतात. पण विश्वास त्यांच्यातूनच जमतो. येथे वयाचा लाभही आहे. घरात एकटी बाई किंवा म्हातारे माणूस असताना लोक पोक्त कारागिराला निर्धास्तपणे आत घेतात. संसार चालवलेला असल्याने दुसऱ्याच्या खर्चाची जाण त्याला असते.

धंदा बुडतो तो कामाच्या अज्ञानाने क्वचित. बहुधा हिशेबाच्या अज्ञानाने. उक्ते काम अंगावर घ्यायचे, सामान हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर उचलायचे, आणि मालकाने शेवटचा हप्ता 'जरा गळते आहे' असे म्हणत महिनोन्‌महिने अडकवायचा. तोवर दुकानदाराची उधारी वाढते आणि कारागीर त्याचा बांधील होतो. मग तो सांगेल तेच सामान वापरावे लागते. म्हणून सामानाचे पैसे आधी घेणे, कामाचा करार चार ओळींचा का होईना पण लिहून घेणे, भिंत बुजवण्यापूर्वी नळात दाब भरून मालकासमोर चाचणी देणे आणि तशी सही घेणे, या सवयी पान्ह्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्या कोणत्याही वर्गात शिकवल्या जात नाहीत. त्या शिकवल्या गेल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट शरीराची. विशीत सुरुवात केलेला मिस्त्री पंचेचाळिशीपर्यंत गुडघे झिजवून बसतो. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याकडे उकिडवे बसून काम करण्याची वर्षे मुळातच थोडी. त्याने लवकरच मोजणी, अंदाजपत्रक, पंपांची देखभाल, सौर बंब, पावसाच्या पाण्याचे संकलन यांसारख्या डोके अधिक आणि पाठ कमी लागणाऱ्या कामांकडे वळले पाहिजे. परवाना त्यासाठीच हवा. परवाना नसेल, तर म्हातारपणीही तो दुसऱ्याच्या सहीखाली खड्डाच खणत राहील.

अलीकडे मोबाईलवरून कारागीर पाठवणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्या ओळखीवाचून काम देतात, हे खरे. पण दर त्या ठरवतात, दलाली त्या कापतात आणि गिऱ्हाइकाने एक तक्रार केली की काम बंदही त्याच करतात. ज्याला गोत नाही त्याची ही गरज भागते. परंतु त्याचा जम बसला की नाही, हे कंपनीच्या हाती राहते.

वरचे पाणी आणि खालचे पाणी

या धंद्याला परंपरेची जात नाही असे आरंभी म्हटले. तथापि जातीने त्यात शिरकाव केलाच. पाणी आणणारा नळ आणि मैला नेणारा नळ एकच कारागीर बसवतो. पण तुंबलेल्या मलनलिकेशी झुंजण्याची वेळ आली की हाक कोणाला जाते, हे प्रत्येक शहराला ठाऊक आहे. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. वरच्या पाण्यावरचा हक्क असा झगडून मिळवावा लागला. खालच्या पाण्याचे ओझे मात्र अजून त्याच माथ्यांवर आहे.

हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, मृत्यू थांबले नाहीत. प्लंबरच्या शिक्षणात म्हणूनच विषारी वायूची ओळख आणि 'मी आत उतरणार नाही' असे म्हणण्याचा कायदेशीर हक्क, हे दोन्ही धडे पहिल्या दिवशी असले पाहिजेत. आणि संघटना अशी हवी की हा नकार दिल्यामुळे कोणाचे काम जाणार नाही.

मागण्या आणि काम

महाराष्ट्राने असंघटितांच्या बाबतीत देशाला एक मार्ग दाखवला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला ओळख दिली, मंडळ दिले, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत देण्याची रीत घातली. ज्याला एक मालक नाही त्यालाही संरक्षण देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा आला. नळकारागिराची स्थिती हमालाहून वेगळी नाही: मालक अनेक, जबाबदार कोणीच नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळे निघाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय गेला आहे. नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. मोठ्या इमारतीवर काम करणाऱ्याला तसा दाखला ठेकेदाराकडून निदान मागता तरी येतो. घरोघर दुरुस्ती करत फिरणाऱ्याने तो कोणाकडून आणावा? स्वतःच्या घराच्या बांधकामाला पूर्वी १० लाखांपर्यंत सूट होती. संहितेने ती ५० लाखांपर्यंत नेली. नळकारागिराची बरीच रोजी अशाच घरांतून येते.

म्हणून मागण्या अशा असाव्यात. प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग निघावेत आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्याला शिक्षणाच्या काळात किमान वेतनाइतका निर्वाहभत्ता मिळावा. परीक्षा हाताची आणि तोंडी असावी, कामगाराच्या भाषेत असावी. नाहीतर प्रमाणपत्राच्या नावाखाली निरक्षर कारागीरच धंद्याबाहेर फेकला जाईल. ही भीती खरी आहे, आणि ज्यांना प्रमाणपत्राची सक्ती हवी आहे त्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. नगरपालिकेचा परवाना प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या नावे, परवडेल अशा शुल्कात मिळावा. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या ९० दिवसांची नोंद त्याच्या बिलांवरून धरली जावी.

मागणीबरोबर रचनाही हवी. केरळात १९२५ साली स्थापन झालेली उरालुंगल मजूर कंत्राट सहकारी संस्था आज मोठमोठे रस्ते आणि पूल बांधते, आणि तिची मालकी मजुरांची आहे. महाराष्ट्रातही मजूर सहकारी संस्था पुष्कळ निघाल्या; परंतु अनेकींच्या फलकामागे ठेकेदार बसला. तेव्हा नुसत्या नोंदणीने भागत नाही. पाच-सात कारागिरांनी एकत्र यावे, एकाने परवाना काढावा, अवजारे सामाईक घ्यावीत, दुकानदाराशी सर्वांनी मिळून दर ठरवावा, हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर वाचावा. एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी परतल्यावर एक काम करावे. शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी सात वाजता जावे, पान्ह्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्यांना गाठावे आणि तीन प्रश्न विचारावेत: किती वर्षे काम करता, प्रमाणपत्र आहे का, आणि ते मिळाल्यावर तुमच्या रोजात काय फरक पडला. उत्तरे लिहून आणावीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शासन मोजते. तिसऱ्याचे उत्तर संघटनेनेच मिळवायचे आहे. ते 'काहीच नाही' असे असेल, तर प्रत्येक वस्तीत पाच-सात कारागिरांची पहिली बैठक बोलावण्यापासून कामाला लागले पाहिजे.